हिंगाच्या डब्यातला सूर्य

विमानतळावरच्या गंधद्वाराचा दिवा लाल झाला, तेव्हा रेवती जायभायेला वाटलं की बाबांच्याच खिशात काहीतरी निघणार.

"बाबा, खिशात काय आहे?"

"काही नाही वं. रुमाल हाय."

"आणि?"

"आन् दुसरा रुमाल."

पण पट्टा बाबांमुळे थांबला नव्हता. बाबांनी छातीशी धरून आणलेल्या डब्यामुळे थांबला होता. रेवतीच्या पाठीवरच्या बॅगेतला जुना फिल्मचा कॅमेरा, दोन भिंगं, घडीची तिपाई, सगळं एखाद्या शहाण्या मुलासारखं सुरळीत पुढे निघून गेलं होतं. अडकला तो डबा. आणि खरं सांगायचं तर तो डबा पाहून कुणीही चपला टाकून पळालं असतं. वीतभर उंचीचा, गोल, तळापासून झाकणापर्यंत काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला. एका बाजूला सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्यावर पट्टीचाच एक तुकडा. झाकणावर शाळेच्या शिक्क्याचा कागद आणि लाल लाख.

पट्टीच्या आत तो हिंगाचा डबा होता. लोणारला बाबांची खानावळ आहे. तिथे हिंग अर्ध्या किलोच्या डब्यातून येतो, आणि डबा रिकामा झाला की तो फेकायची त्या घरात पद्धत नाही. कशात जिरं, कशात टाचण्या, कशात लग्नपत्रिका. आणि या एकात, एक अख्खं वर्ष, सूर्य.

सांगते कसा. डब्याच्या आतल्या गोलाईला फोटोचा कागद चिकटवायचा, झाकण घट्ट बंद करायचं आणि सुईने छिद्र पाडायचं. झाला कॅमेरा. भिंग नाही, बटण नाही, बॅटरी नाही. रेवतीने तो तळ्याच्या काठावरच्या एका बाभळीला तारेने बांधून टाकला होता. तो कागद इतका मंद, की छिद्रातून झिरपणाऱ्या साध्या उजेडाने त्याला जाग येता येत नाही. पण सूर्य रोज आकाशातून जाताना त्या छिद्रातून आत डोकावतो आणि कागदावर एक बारीक रेघ भाजून जातो. उन्हाळ्यात रेघ वर चढते, हिवाळ्यात खाली उतरते. ढगाळ दिवशी मधेच तुटते. वर्ष संपलं की तीनशे पासष्ट रेघांचं एक चित्र तयार होतं, आणि ते कुणीही पाहिलेलं नसतं. काढणाऱ्यानेसुद्धा!

नैरोबीतल्या एका स्पर्धेत तीस देशांतल्या शाळकरी मुलांचे असे तीस डबे परीक्षकांच्या डोळ्यांदेखत उघडले जाणार होते. नियम एकच होता: सील तुटलेलं दिसलं तर डबा बाद. हा नियम असायला कारणही होतं. कुठलंही चित्र फोनवर चुटकीसरशी बनवता येऊ लागल्यापासून फोटोवर कुणाचा विश्वासच उरला नव्हता. डोळ्यांसमोर उघडलेल्या डब्यावर मात्र अजून होता.

"डबा उघडा," सुरक्षा अधिकारी म्हणाल्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं शबाना तडवी.

"उघडता येत नाही, मॅडम."

"का? झाकण अडकलंय?"

"नाही. उघडला तर वर्ष जाईल."

तडवी मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"कोणाचं?"

"माझंच. आत वर्षभराचा फोटो आहे. इथल्या दिव्यांखाली काळा पडेल. आणि हे सील तुटलं, की मी स्पर्धेतून बाहेर."

"मग मोठ्या सामानात का नाही टाकला?"

"तिथे तुम्ही माझ्यामागे उघडता. इथे निदान माझ्यासमोर विचारता तरी!"

रांगेतून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "बेटा, संशयांक अठ्ठ्याऐंशी आलाय. पन्नासला लाल होतो. तुझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. उघडा, नाहीतर इथेच सोडा. विमानाचं दार पन्नास मिनिटांनी बंद होतं."

महामार्गालगतच्या त्या नव्या विमानतळावर क्ष-किरणांचं यंत्र नव्हतंच. असतं तर रेवतीने डबा आनंदाने त्यात सरकवला असता. असल्या मंद कागदाला ते किरण ढिम्म हलवू शकत नाहीत. पण गंधद्वारं आली आणि ती जुनी धुडं हळूहळू अडगळीत गेली.

गंधद्वार म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये वारा. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी प्रथिनं असतात, शेकडो जातींची. शास्त्रज्ञांनी ती यीस्टमध्ये वाढवली आणि नखाएवढ्या चकतीवर ओळीने बसवली. हवेतला रेणू येऊन आपल्या मापाच्या प्रथिनात अडकला, की चकतीवर विजेची एक बारीकशी गुदगुली होते. अशा सगळ्या गुदगुल्या मिळून एक नक्षी तयार होते, आणि संगणक ती आपल्या वहीतल्या नक्ष्यांशी ताडून पाहतो. गुलाबाची वेगळी, पेट्रोलची वेगळी, स्फोटकांची तर आणखीच वेगळी.

आणि भीतीचीसुद्धा! घाबरलेल्या माणसाचा घाम वेगळा असतो. कुत्र्यांना हे पूर्वीपासून कळत होतं, आता खांबांनाही कळायला लागलं. वस्तूचा वास अधिक ती धरणाऱ्याच्या भीतीचा वास, बरोबर संशयांक.

यामुळे माणसांच्या वागण्यात काय काय बदललं ते पाहायचं असेल, तर विमानतळाच्या बाहेर उभं राहावं. निरोप द्यायला आता कुणी येत नाही. आई रडली की मुलगी घाबरते, मुलगी घाबरली की दिवा लाल होतो. त्यामुळे रडणं-मिठ्या सगळं घरीच उरकतात. पार्किंगमध्ये तर पाटीच आहे: 'कृपया भांडणे येथेच मिटवावीत.' रेवतीच्या आईनेही लोणारच्या उंबऱ्यातूनच हात हलवला होता, चेहरा अगदी कोरा ठेवून, जणू पोरगी दळण आणायला चाललीय.

मॅडमच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या होत्या. वस्तू: गंधकयुक्त, अनोळखी, पन्नास. वाहक: भीती, तीव्र, अडतीस.

वाहक म्हणजे बाबा.

रेवतीने ती ओळ दोनदा वाचली. उत्तम जायभाये! ज्यांची 'ए भाकरी वाढ' ही हाक तळ्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाते! ज्यांनी स्वयंपाकघरातला साप चिमट्याने उचलून बाहेर सोडला आणि त्याच चिमट्याने, धुऊन अर्थात, पुढची भाकरी उलटली!

"बाबा, तुम्ही घाबरलात? विमानाला?"

"विमानाले कोण घाबरते!" बाबांनी दुसऱ्या रुमालाने मान पुसली. "मले वाटलं, डबा आपल्याच हातून पडला तं? पोरीनं वर्षभर जपला, आन् बापानं शेवटच्या दिशी..." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खाली. "अडतीस आकडे तं माझेच असतील त्यातले. मी त्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडं जाऊन उभा राहतो. माझ्या वासानं तुझं काम बिघडून राह्यलं."

आणि खरंच गेले. एवढा मोठा माणूस पिवळ्या पट्टीपलीकडे, कचऱ्याच्या डब्याशेजारी, हात मागे बांधून उभा राहिला. रेवती रडली असती तर तिचाही आकडा वाढला असता. तिने डबा दोन्ही हातांनी उचलला.

"मॅडम, आता घ्या. माझ्या हातात."

द्वाराने वास घेतला. एकोणसाठ. वाहकाची भीती नऊ, डब्याचे पन्नास. अजून लालच.

"चांगला प्रयत्न," तडवी मॅडम म्हणाल्या, थोड्या मवाळपणे. "पण एकदा लाल झालं की वासाचा खुलासा लागतो. बाजूला बस. विचार कर."

बाजूच्या बाकावर आधीच एक तरुण बाई बसली होती. मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ, आणि बाळाच्या दुपट्याला लावलेलं लाल कार्ड: 'सखोल तपासणी'. रेवतीने कार्ड वाचलं, बाळाकडे पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं.

"ताई, हे कार्ड... याला?"

"यालाच," ती बाई रडवेल्या आवाजात म्हणाली. "सत्तावन्न आला म्हणे. म्हणतात स्फोटकासारखा वास येतोय. कपडे काढले, लंगोट बदलला, दुधाची बाटली टाकून दिली. तरी सत्तावन्न! आता बाळाचं काय करू, सांगा. ते कसं उघडून दाखवू?"

बाळाने त्याच वेळी पोटातला वारा मोकळा सोडला आणि निवांत हसलं.

रेवती खाली वाकली. तिच्या नाकाला काहीतरी लागलं, इतकं ओळखीचं की त्याला वास म्हणायचंही कधी सुचलं नव्हतं. तो घराचाच भाग होता, भिंतीसारखा.

"ताई, बाळाच्या पोटाला काय लावलंय?"

"काय म्हणजे? हिंगाचं पाणी. बेंबीभोवती. सकाळपासून पोट फुगलं होतं ना त्याचं."

रेवती ताडकन उठली. तिची नजर पट्ट्याखालच्या जप्तीच्या पेटीवर गेली. काचेची, भलीमोठी. आत आजच्या आज जमा झालेल्या अकरा बरण्या: कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, मेतकूट, सांडगी मिरच्या. वर सूचना: 'लोणची, मसाले नेऊ नयेत.' लोक बिचारे गुपचूप टाकून जात. यंत्र म्हणतंय म्हणजे काहीतरी असेलच, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण कशामुळे, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"मॅडम!" ती ओरडलीच. "माझा डबा, हे बाळ आणि त्या बरण्या, तिघांच्या नक्ष्या एकावर एक ठेवून बघता का?"

"काय संबंध?"

"हिंग! हिंगाच्या वासात गंधक असतं. स्फोटकं शोधताना तुमचं यंत्र गंधकाला बिचकतंय. त्याला हिंग माहीतच नाही, मॅडम! जिथे ते शिकलं तिथे कुणी फोडणी देत नसणार!"

रांगेत आता गंमत सुरू झाली होती. मागचे एक टोपीवाले काका म्हणाले, "अहो, मग माझी शेंगदाण्याची चटणी कुठल्या गुन्ह्यात गेली?" त्यांच्या मागच्या काकू म्हणाल्या, "तुमची चटणी तशीही गुन्ह्यातच धरली पाहिजे."

तडवी मॅडमनी तीन नक्ष्या पडद्यावर शेजारी शेजारी आणल्या. लोणच्याच्या नक्षीत मोहरी-मिरचीचा गोंधळ होता, बाळाच्या नक्षीत दुधाचा आणि तेलाचा, डब्याच्या नक्षीत चिकटपट्टीचा. पण तिन्हींत एकाच ठिकाणी, एकाच उंचीची चार टोकं उभी होती. मॅडमनी बोट त्यांच्यावरून सावकाश फिरवलं.

"नवा गंध शिकवता येतो याला," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "नियम अकरा. दोन वेगळ्या जागचे नमुने लागतात आणि एक शुद्ध. मग तो गंध वजा करायचा. उरलेलं निर्दोष निघालं तर वस्तू न उघडता सोडायची. पण खाली अंगठा माझा लागतो." त्यांनी रेवतीकडे पाहिलं. "आजवर कुणी केलेलं नाही. चुकलं तर माझी नोकरी, तुझा डबा, दोन्ही गेलं."

"चुकणार नाही."

"एवढी खात्री?"

"मॅडम, मी हिंगाच्या खोलीत वाढलेय!"

अठ्ठावीस मिनिटं उरली होती.

शुद्ध हिंग विमानतळाच्या कँटीनमधून आला. आचारी स्वतः वाटी घेऊन आला, कारण बातमी तिथवर पोचली होती. पण वाटी खांबांमध्ये धरली तर चार टोकं कशीबशी, बसकी उमटली. यंत्राने नोंदवलं: 'नमुना अपुरा.'

पिवळ्या पट्टीपलीकडून हाक आली. तीच, तळं ओलांडणारी.

"रेवतेऽ! ती वाटी इकडं आण!"

बाबांनी चिमूटभर हिंग बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि असा चेहरा केला की आचारी एक पाऊल मागे सरकला.

"हा हिंग हाय काय? हा मैदा हाय मैदा! हिंगाची नुसती तोंडओळख झालेला! दादा, खरं सांगा, तुमच्या घरच्या डाळीले पण हाच घालता?"

आचाऱ्याने मान खाली घातली. "नाही. खडा हिंग हाय माझ्याकडं. वरच्या फळीवर, कापडात बांधून."

"तो आणा. पळत!"

आचारी पळाला. येईतोवर बाबा तिथेच उभे होते, बाह्या वर सारून, जसे दुपारच्या गर्दीत चुलीपुढे उभे राहतात तसे. खडा आल्यावर त्यांनी तो दोन बोटांत फोडला, वास घेतला आणि डोळे मिटून मान हलवली. "हां. आता विचार तुझ्या खांबाले." खडा देण्यासाठी ते पिवळी पट्टी ओलांडून थेट द्वारापाशी आले, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. रेवतीच्या मात्र आलं. पडद्यावर ओळ उमटली होती. वाहक: भीती, नाही.

चार टोकं सरळ छताला भिडल्यासारखी उभी राहिली. 'नमुना स्वीकारला.'

मग कैरीची बरणी. स्वीकारली.

मग बाळ. त्याची आई उठली, पण तिच्या भीतीने आकडा वरखाली नाचू लागला. "मी धरू?" रेवतीने विचारलं. आईने क्षणभर पाहिलं आणि बाळ तिच्या हातात दिलं.

रेवती बाळाला घेऊन दोन खांबांच्या मध्ये उभी राहिली. शंभर-दीडशे माणसं बघत होती. घड्याळात एकोणीस मिनिटं. बाळाने तिची वेणी मुठीत धरून ओढली, आणि तिला एकदम हसू आलं. आपल्याला उत्तर माहीत आहे आणि ते बरोबर आहे, यासारखं मजेचं जगात दुसरं काही नाही, असं तिला वाटलं. वारा अंगावरून गेला.

वाहक: भीती, नगण्य. नमुना स्वीकारला.

'नव्या गंधाचे नाव?' पडद्याने विचारलं.

तडवी मॅडमनी टंकलं: हिंग. आणि खाली अंगठा ठेवला. जोरात, जणू शिक्काच.

"आता डबा."

रेवतीने डबा खांबांमध्ये धरला. पन्नास. यंत्राने वजाबाकी सुरू केली. बेचाळीस. तेहतीस. बावीस. तिथे आकडा अडला. फार वेळ अडला. बाबांनी हवेतच मूठ आवळली. मग सतरा, अकरा, सहा.

हिरवा!

पडद्यावर उरलेल्या वासांची यादी आली: कागद, जिलेटिन, डिंक, लाख, पत्रा, तळ्याकाठची माती.

जो गलका उठला तो सांगून समजणार नाही. टोपीवाले काका शेजारच्या काकूंना टाळी देऊन बसले. बाळाचं लाल कार्ड त्याच्या आईने स्वतःच्या हाताने फाडलं, आणि बाळ तिसरंच काहीतरी मनावर घेऊन रडू लागलं. तडवी मॅडमनी काचेच्या पेटीचं कुलूप काढलं.

"ज्यांच्या बरण्या आहेत त्यांनी घेऊन जा. रांगेने! ढकलाढकली नको!" मग आवाज उतरवून रेवतीला म्हणाल्या, "सहा महिन्यांपूर्वी माझ्या आईची बरणी मीच या पेटीत टाकली. माझ्या भावासाठी घेऊन चालली होती. अजून माझ्याशी धड बोलत नाही."

"आज फोन करा ना त्यांना."

"फोन? सुट्टी घेऊन घरी जाते. समोर बसून माफी मागते, आणि नवी बरणी घेऊन स्वतः या दारातून जाते." त्यांनी डब्याच्या कडेला हिरवी पट्टी लावली. "ही पट्टी असली की नैरोबीपर्यंत कुणी पुन्हा वास घेणार नाही. पळा आता, दोघंही!"

दोघंही पळाले. डबा या वेळी रेवतीच्या हातात होता, आणि बाबा पुढे धावत "सरका, सरका, सूर्य येऊन राह्यला!" म्हणून वाट मोकळी करत होते.

नैरोबीच्या सभागृहात दिवे मंद केले होते. परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सील उजेडाकडे धरून तपासलं, मान हलवली आणि कात्रीने लाख फोडली. झाकण निघालं. कागद बाहेर आला, स्कॅनरच्या काचेवर पालथा पडला आणि क्षणात समोरच्या भिंतीवर चित्र उभं राहिलं.

खाली तळ्याचा काळसर, गोल काठ. बाभळीची एक फांदी. आणि वर रेघा, रेघा, रेघा! एकावर एक कमानी, विणल्यासारख्या, सोनेरी, तांबूस. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तुटक तुटक, दिवाळीनंतर अखंड. खाली तळ्याच्या पाण्यातही त्यांचं उलटं प्रतिबिंब पडलं होतं. हे होईल असं रेवतीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वर आणि खाली मिळून एक अख्खं वर्तुळ झालं होतं.

"हे रोज होत होतं?" बाबांनी हळूच विचारलं. हळू म्हणजे त्यांच्या मानाने. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"रोज, बाबा."

"आन् मी खाली मान घालून भाकऱ्या थापत राह्यलो."

परीक्षक बाईंनी भाषा न कळताही त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय म्हणाले?"

रेवतीने सांगितलं. बाईंनी स्वतःची खुर्ची मागे सारली आणि उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. त्यांच्यामागे परीक्षक उठले, मग मुलं, मग मुलांचे आईबाप, तीसच्या तीस देश. बाबाही उठले आणि सगळ्यांत मोठ्याने, स्वतःच्याच पोरीसाठी, जराही न लाजता टाळ्या वाजवायला लागले.

रेवतीने टाळ्या थांबायची वाट पाहिली नाही. तिने माईक स्वतःकडे ओढला, भिंतीवरच्या सगळ्यांत वरच्या रेघेकडे बोट दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली.